थंडी संपली आणि मधमाशांच्या पेटीवर हगवणीचे डाग दिसले: आधी काय बघायचं, मग काय करायचं

थंडीनंतरची पहिली उबदार दुपार आली की मधमाशा एकदम भराभर बाहेर पडतात, पेटीसमोर चार घिरट्या घालतात आणि मोकळ्या होतात. तास दीड तासाने तुम्ही जाऊन बघता तर झाकणावर, पेटीच्या तोंडाशी, शेजारी वाळत घातलेल्या कपड्यांवर सगळीकडे पिवळट तपकिरी शिंतोडे. नवीन माणूस इथेच घाबरतो आणि औषध शोधायला पळतो. मीही पळालो होतो. पण हे शिंतोडे बऱ्याचदा चांगली बातमी असते, कारण माशी पेटीत घाण करत नाही, थंडीत बाहेर पडता येत नाही तोवर सगळं पोटात धरून ठेवते, कधीकधी महिना दोन महिने, आणि तापमान १० अंशाच्या वर गेलं, ऊन पडलं की बाहेर जाऊन सगळं एकदम सोडते. त्यामुळे बाहेरचे डाग बघून आजार ठरवायचा नाही. आतले डाग बघायचे.

आणि अजून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. हगवण आणि नोसेमा हे दोन वेगळे प्रकार आहेत. हगवण म्हणजे लक्षण, पोट बिघडलंय एवढंच. नोसेमा म्हणजे जंतूने होणारा आजार. हगवण असून नोसेमा नाही असं होतं, आणि नोसेमा असून एकही डाग नाही असं तर हल्ली खूपच होतं.

हगवण कशाने लागते? बहुतेक वेळा खाण्याने. थंडीत माशा जो साठा खातात त्यात न पचणारा भाग जास्त असला की आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे जिथे मळ साठतो ती पिशवी, वेळेआधी भरते. झाडावरच्या मावा किड्यांच्या चिकट गोड स्रावापासून माशा जो गडद मध करतात त्यात क्षार जास्त असतात, तो थंडीतल्या साठ्याला वाईट. गूळ, ब्राऊन शुगर, मळी, करपलेल्या साखरेचा पाक, आंबलेला पाक, हे सगळं त्याच रांगेतलं. थंडी तोंडावर आलेली असताना पातळ पाक दिला तर माशांना त्यातलं पाणी उडवायला वेळच मिळत नाही, मग तेच पाणी पोटात. त्यात आपण कुतूहल म्हणून दर आठवड्याला झाकण उघडून डोकावलो, किंवा उंदीर आत शिरला, की माशा अस्वस्थ होतात, जास्त खातात, जास्त भरतात, आणि शेवटी आतच सुटतात.

नोसेमाचं वेगळं आहे. हा एक सूक्ष्म परजीवी, पूर्वी त्याला आदिजीव समजत होते, आता बुरशीच्या नात्यातला मानतात. माशांमध्ये त्याचे दोन प्रकार महत्त्वाचे. नोसेमा एपिस जुना, १९०९ मध्ये जर्मनीत झांडर यांनी त्याचं वर्णन केलं. दुसरा नोसेमा सेरानी, तो मुळात आशियाई माशीतला, त्याचं वर्णन १९९६ मध्ये झालं आणि पुढच्या दहाएक वर्षांत तो युरोपियन माशीत सगळीकडे सापडायला लागला. (अलीकडे शास्त्रज्ञांनी दोघांना व्हायरिमॉर्फा या नावाखाली हलवलंय, पण बोलताना सगळे अजून नोसेमाच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) काम दोघांचं सारखंच. माशी बीजाणू गिळते, मधल्या आतड्यात गेल्यावर त्या बीजाणूतून एक बारीक नळी सुटते आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशीत घुसते, तिथे हा वाढतो, पेशी फुटते, पुन्हा लाखो बीजाणू बाहेर. एका माशीच्या पोटात काही कोटी बीजाणू होऊ शकतात. खाल्लेलं पचत नाही, अळ्यांना दूध पाजणाऱ्या ग्रंथी नीट वाढत नाहीत, तरुण माशी वेळेआधीच बाहेरच्या कामाला लागते आणि लवकर मरते. राणीला लागण झाली तर तिची अंडी घालण्याची ताकदच जाते.

आता कामाला लागू.

बाहेरून बघणं

पेटी लगेच उघडू नका. बारा साडेबाराला, ऊन असताना, पेटीच्या बाजूला दहा मिनिटं बसा. समोर नको, येण्याजाण्याची वाट अडते. जमिनीवर सरपटणाऱ्या माशा आहेत का, पोट फुगलेलं आहे का, उडता येत नाही म्हणून गवताच्या काडीवर चढून पडतायत का, पंख विस्कटल्यासारखे बाजूला निघालेत का. शेजारच्या पेटीत पराग घेऊन माशा येतायत आणि या पेटीत कोणी काही आणत नाहीये, असं दिसलं तर ते माझ्या मते डागांपेक्षा मोठं लक्षण आहे.

पण सरपटणाऱ्या माशा दिसल्या म्हणजे नोसेमाच असं नाही हां. काळ्या, तुळतुळीत, केस गळलेल्या आणि थरथरणाऱ्या माशा असतील तर विषाणूजन्य लकव्याचा संशय घ्या. पंख आखडलेले, चुरगळलेले असतील तर व्हरोआ, म्हणजे माशांच्या अंगावर जगणारा बारीक परजीवी कोळी, आहे का बघा. एका दिवसात ढीगभर माशा मेल्या आणि सोंडा बाहेर आलेल्या असतील तर कुठेतरी फवारणी झालेली असू शकते. आणि चौकटीवर (पोळं धरणारी लाकडी चौकट) माशा पोळ्याच्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या असतील तर आजारबिजार काही नाही, त्या उपाशी मेल्या.

आत बघणं

१४-१५ अंश तापमान असेल, वारा नसेल तेव्हा उघडा आणि पाच सात मिनिटांत बंद करा, कारण अंडी-अळ्यांची जागा त्यांना ३४-३५ अंशावर ठेवायची असते आणि आजारी वसाहतीत तेवढी ऊब करणारी फौज उरलेली नसते. चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर, पोळ्याच्या तोंडावर, आतल्या भिंतींवर चिकट तपकिरी ओघळ आहेत का ते बघा, वास घ्या, आंबूस उग्र वास लगेच कळतो. ओघळ गंधकासारखे पिवळेजर्द असतील तर अमीबाचा आजार असू शकतो, तो माशीच्या मूत्रनलिकांमध्ये होतो आणि अनेकदा नोसेमाच्या सोबतच येतो, त्याला वेगळं औषध नाही, स्वच्छतेचे उपाय तेच.

मग राणी आहे का, किंवा निदान ताजी अंडी आहेत का. किती चौकटींवर माशा आहेत. साठा किती उरलाय. आणि एक नजर अशी टाका की ब्रूड (म्हणजे अंडी, अळ्या, कोष) आणि माशांचं प्रमाण जुळतंय का, तळहाताएवढा ब्रूड आणि तो झाकायलाही माशा पुरत नाहीत, दर आठवड्याला अजून कमी होतायत, खाली मेलेल्या मात्र फार दिसत नाहीत कारण त्या बाहेर जाऊनच मरतायत, हे नोसेमाचं अगदी नेहमीचं चित्र. हे सगळं वहीत लिहा, पेटीच्या नंबरासकट. लक्षात राहतं असं वाटतं पण राहत नाही.

आतडं ओढून बघणं

हे सगळ्यांना जमतं आणि तरी कोणी करत नाही. चिमटा आणि पांढरा कागद, एवढंच लागतं. पेटीचं तोंड पाच मिनिटं फडक्याने बंद करा, बाहेरून परतणाऱ्या माशा दाराशी जमतील, त्यातल्या तीस चाळीस ब्रशने बरणीत लोटा आणि बरणी फ्रीजरमध्ये टाका. बाहेरून येणाऱ्याच का, तर त्या वयाने मोठ्या, लागण असेल तर त्यांच्यात जास्त सापडते, आतल्या कोवळ्या माशा तपासल्या तर सगळं छान आहे असं खोटं समाधान मिळतं.

मेल्यावर लगेच, वाळायच्या आत, एक माशी डाव्या हातात धरा, डोकं काढून टाका, आणि चिमट्याने पोटाचं शेवटचं टोक, जिथे नांगी असते ते, पकडून हळूऽऽ सरळ ओढा. घाई केली की तुटतं, पहिल्या चार पाच माशा वाया जाणारच. आधी मळाची पिशवी येते, मग बारीक आतडं, मग जाडसर मधलं आतडं. आपल्याला ते मधलंच बघायचंय. निरोगी असेल तर फिकट तपकिरी, गव्हाळ रंगाचं, त्यावर आडव्या वळ्या स्पष्ट दिसतात, गांडुळाला असतात तशा. नोसेमा जोरात असेल तर ते पांढुरकं, दुधाळ, फुगलेलं, वळ्या पुसल्यासारख्या झालेल्या, आणि चिमटा लागला की फुटतं. दहा माशा ओळीने कागदावर मांडल्या की फरक नजरेत भरतो. हलकी लागण मात्र यात कळत नाही, म्हणून सगळी आतडी गव्हाळ दिसली तरी वसाहत खंगतच असेल तर मायक्रोस्कोपकडे जावं लागतं.

मायक्रोस्कोप

४०० पट दाखवणारा साधा मायक्रोस्कोप पुरतो. तीस किंवा साठ माशांची पोटं घ्या, दर माशीमागे १ मिली पाणी घाला, खलबत्त्यात वाटा, गाळा, एक थेंब काचपट्टीवर, वर झाकणकाच. बीजाणू तांदळाच्या दाण्यासारखे लांबट गोल, कडा ठळक, आत चकचकीत, आणि सगळे एका मापाचे दिसतात, लांबी साधारण ५-६ मायक्रॉन, सेरानीचे जरासे लहान. पराग त्याच्यापेक्षा खूप मोठा असतो, त्यात गोंधळ होत नाही, गोंधळ होतो तो यीस्टबरोबर, पण यीस्टचे दाणे लहानमोठे असतात आणि काहींना कोंब फुटलेला असतो. एपिस की सेरानी हे नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही, त्याला डीएनए चाचणी लागते. आणि खरं सांगायचं तर पुढे जे करायचं त्यात त्याने फार फरक पडत नाही, साफसफाईचा एक मुद्दा सोडला तर.

मोजायचेच असतील तर रक्तपेशी मोजायची काचपट्टी घ्या. तिच्यातले १६ बारीक चौकोनांचे पाच गट मोजा आणि एकूण आकड्याला ५०,००० ने गुणा, म्हणजे दर माशीमागे किती बीजाणू ते कळतं. पाचही गटांत मिळून २० बीजाणू आले तर दहा लाख झाले, आणि बऱ्याच ठिकाणी दहा लाख हीच उपचाराची रेषा धरतात. मी स्वतः आकड्याला चिकटून राहत नाही. वीस लाख असूनही वाढत असलेली वसाहत मी बघितलीय आणि पाच लाखांवर मेलेली पण.

औषधाबद्दल

फ्युमॅगिलिन हे एका बुरशीपासून मिळणारं प्रतिजैविक, १९५० च्या दशकापासून नोसेमावर वापरात आहे. ते आतड्यातली वाढ दाबतं, पण बीजाणू मारत नाही, म्हणजे पोळ्यावरची घाण आहे तशीच राहते आणि औषध संपलं की माशा पुन्हा तीच चाटतात. युरोपियन युनियनमध्ये त्याला परवानगी नाही, त्यामुळे तुमच्याकडे काय नियम आहे ते आधी बघा, मधात त्याचा अंश उतरू शकतो. शिवाय २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की औषध विरत विरत अगदी कमी मात्रा उरली की सेरानीचे बीजाणू उलट जास्त वाढतात. मी वापरत नाही. ज्यांच्याकडे परवानगी आहे त्यांनी लेबलवरची मात्रा आणि मुदत तंतोतंत पाळावी, अर्धवट डोस सगळ्यात वाईट.

बाकी लसूण, ओवा, व्हिनेगर, कसकसली टॉनिकं यावर वाद घालत बसत नाही, फक्त एक हिशोब सांगतो. वसंतात माशा बाहेर जाऊन शौच करायला लागतात, आत घाण होणं थांबतं, थंडीतल्या म्हाताऱ्या आजारी माशा मरून जातात, आणि नव्या माशा जन्मतात त्या लागण नसलेल्याच जन्मतात. म्हणजे एपिसची लागण उन्हाळ्याच्या तोंडाशी बहुतेक वेळा आपोआपच उतरते. आता ही उतरती कळा सुरू असताना तुम्ही पाकात काहीही मिसळून दिलं, अगदी चहा दिला, तरी तीन आठवड्यांनी ‘गुण आला’ असंच दिसणार. म्हणून काही नवीन करून बघायचं असेल तर चार आजारी पेट्यांपैकी दोघींना द्या, दोघींना देऊ नका.

प्रत्यक्ष करायचं काय

पहिल्यांदा जागा लहान करा. चार चौकटी माशा असतील तर दहा चौकटींची पेटी त्यांना गरम ठेवता येत नाही, रिकाम्या आणि घाण झालेल्या कडेच्या चौकटी काढा, मध्ये आडोशाची फळी घाला, वरून ऊबदार पांघरूण, आणि तोंड दोन माशा जातील एवढं अरुंद. तोंड अरुंद करण्याचं दुसरं कारण म्हणजे लूट, दुबळी पेटी शेजारच्या माशा लुटतात आणि मधाबरोबर बीजाणूही घरी घेऊन जातात.

मग खाणं. पांढरी शुद्ध साखर आणि पाणी वजनाने समसमान, कोमट पाण्यात विरघळवायची, उकळत ठेवायचं नाही, करपू द्यायचं नाही. एका वेळी दोन दिवसांत संपेल इतकाच पाक, फेस आला किंवा आंबट वास आला की फेकून द्या. रात्री अजून कडक थंडी असेल तर पाक नको, साखरेचा घट्ट गोळा म्हणजे फॉन्डंट चौकटींवर ठेवा. दुसऱ्या पेटीतला मध अजिबात द्यायचा नाही, नोसेमा तर जातोच, अळ्या सडवणाऱ्या फाऊलब्रूडचे बीजाणूही त्यातूनच जातात. बाहेर पराग मिळत नसेल तर परागाची जोड द्या, पण पाऊस-गारठ्यात बाहेर पडता येत नसताना भरपूर प्रोटीन देऊ नका, खाऊन पुन्हा पोटं तुंबतात.

पाणी लोक विसरतात. माशा पेटीजवळच्या डबक्यात पितात आणि त्याच डबक्यावर वरून त्यांचीच घाण पडत असते. उन्हातली जागा बघून, उडण्याच्या वाटेच्या बाजूला, उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा आणि रोज बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पोळी बदलणं. आजार घाणेरड्या पोळ्यातून पुढे जातो, तरुण माशा घर साफ करतात म्हणजे जिभेने चाटूनच साफ करतात ना. वसाहत बऱ्यापैकी मजबूत असेल तर बेली पद्धत करा. घाण पेटीच्या वर स्वच्छ पोळ्यांची किंवा मेणपत्र्यांची (पोळं बांधायला पाया म्हणून दिलेले मेणाचे पत्रे) दुसरी पेटी ठेवायची, वरून पाक द्यायचा म्हणजे माशा वर चढून मेण ओढतात, म्हणजे पोळं बांधतात, राणी वर येऊन अंडी घालायला लागली की दोन्हींच्या मध्ये राणीरोधक जाळी, राणी वर, आणि तोंड जाळीच्या वरच्या बाजूला, खालचं बंद. २१ दिवसांत खालच्या कामकरी अळ्यांच्या माशा होऊन बाहेर पडतात, मग खालची पेटी उचलायची. वसाहत दुबळी असेल तर एवढा व्याप तिला झेपत नाही, तेव्हा दर आठवड्याला एखादी घाण चौकट कडेला सरकवत न्यायची, रिकामी झाली की काढायची, तिच्या जागी स्वच्छ ओढलेलं पोळं. नुसता मेणपत्रा देऊ नका, मेण ओढायला तरुण माशा लागतात आणि त्याच तर कमी आहेत. तळफळी मात्र पहिल्याच दिवशी बदला, ते पाच मिनिटांचं काम आहे.

काढलेल्या पोळ्यांपैकी जी काळी, ओघळलेली आहेत ती सरळ वितळवा किंवा जाळा. बरी असतील ती ८० टक्के ॲसेटिक ॲसिडच्या वाफेने निर्जंतुक होतात. रिकाम्या पोळ्यांच्या पेट्या एकावर एक रचायच्या, दर पेटीला साधारण १२० ते १५० मिली ॲसिड जाड फडक्यावर किंवा बशीत, ते चौकटींच्या वर ठेवायचं कारण वाफ जड असते आणि खाली उतरते, फटी टेपने बंद, उबदार दिवसांत आठवडाभर ठेवायचं आणि नंतर दोन आठवडे मोकळ्या हवेत. हे ॲसिड कातडी आणि डोळे जाळतं, हातमोजे, चष्मा, उघडी जागा, यात तडजोड नाही, आणि धातूचे तुकडे आधी काढा, ते गंजतात, खालचं सिमेंटही खातं. एपिसचे बीजाणू कोरड्या पोळ्यांना ४९ अंशावर २४ तास ठेवल्यानेही मरतात, पण सेरानी उष्णतेला दाद देत नाही, उलट तो गोठवल्यावर कमकुवत होतो आणि एपिस गोठवण्यातून वाचतो. साफसफाईचा जो एक मुद्दा वर म्हटला होता तो हाच. ॲसिड दोघांनाही चालतं. लाकडी पेट्या खरवडून आतून ब्लोलँपने तपकिरी होईतो शेकायच्या.

राणी कधी बदलायची? खाणं आहे, ऊब आहे, स्वच्छ पोळं आहे, बाहेर पराग येतोय, आणि तरी तीन आठवड्यांत ब्रूड वाढला नाही तर राणीच गेलेली समजा आणि बदला. त्याआधी घाई नको, मूठभर आजारी माशांत नवी महागडी राणी सोडून ती मारून घेण्यात अर्थ नाही.

आणि एक चूक, जी मी केलीय. एक पेटी दोन चौकटींवर आलेली, वाया जाऊ नये म्हणून मी ती कागद लावून शेजारच्या चांगल्या पेटीला जोडली. एका महिन्यात ती चांगली पेटीही तशीच झाली, आतडी ओढली तर सगळी पांढरी. दुबळी आणि आजारी यात फरक आहे, आतडं बघितल्याशिवाय जोडणी करायची नाही. जी सावरणारच नाही तिच्यावर पाक घालत बसण्यापेक्षा ती संपवून, पेटी साफ करून, उन्हाळ्यात चांगल्या वसाहतीचं विभाजन करून पेटी पुन्हा भरलेली स्वस्त पडते. मनाला लागतं, हे खरं.

आजारी पेटीचं काम नेहमी शेवटी करा, हातमोजे आणि हाइव्ह टूल (चौकटी सुट्या करायची लोखंडी पट्टी) सोड्याच्या पाण्यात धुवा, चौकटी इकडच्या तिकडे करू नका. सहा आठवड्यांनी पुन्हा तीस माशा घ्या आणि पुन्हा आतडी बघा.

पुढच्या थंडीची तयारी आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी होते. व्हरोआचा उपचार वेळेवर, कारण थंडीतली माशी चार ते सहा महिने जगायची असते आणि कोळ्याने पोखरलेली माशी तेवढी जगत नाही, नोसेमा तर तिला आधीच धरतो. दरवर्षी एक तृतीयांश पोळी बाद करत जा. गडद चिकट मध थंडीआधी काढून घ्या आणि त्या जागी साखरेचा घट्ट पाक, दोन भाग साखर एक भाग पाणी, आणि तोही इतक्या लवकर की थंडी पडायच्या आत माशा पोळ्यात भरून त्याला मेणाचं झाकण लावून मोकळ्या होतील. तोंडाला उंदराची जाळी. पेटी सकाळच्या उन्हात येईल अशी ठेवा, आणि मागची बाजू किंचित उंच, म्हणजे आतली ओल तोंडातून बाहेर वाहून जाते.